दोन डबे की एक डबा? : एडविन आर्मस्ट्राँगची गोष्ट

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममधली म्युझिक सिस्टिम मागच्या गॅदरिंगच्या आदल्या रात्री जळाली. जळाली म्हणजे धूरबिर काही नाही, नुसता वास आला आणि आवाज गेला. दोन महिन्यांनी रेक्टर मॅडमनी नवीन सिस्टिमसाठी २५ हजार रुपये मंजूर केले आणि काय घ्यायचं ते ठरवायला आम्हा ई अँड टी.सी.च्या चार मुलींची कमिटी नेमली. आणि तिथेच सगळं फिसकटलं.

माझ्या रूममेटचं म्हणणं होतं, रिसिव्हर घेऊ. रिसिव्हर म्हणजे एकाच डब्यात रेडिओचा ट्यूनर, आवाज कमी-जास्त करणारा प्रीअँप्लिफायर आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप्लिफायर, असं सगळं. एक प्लग, एक रिमोट, विषय संपला. माझं म्हणणं उलटं. अँप्लिफायर वेगळा घ्यायचा, ट्यूनर सवडीने वेगळा. एका डब्यात सगळं कोंबलं की सगळ्यांना एकाच पॉवर सप्लायवर भागवावं लागतं, उष्णता एकाच जागी साचते, आणि एक भाग बिघडला की अख्खा डबा दुरुस्तीला जातो. वेगळे डबे असले की जो बिघडेल तोच बदलायचा.

यावर तिने हिशोबच मांडला. प्रत्येक डब्याला वेगळा पत्रा, वेगळा ट्रान्सफॉर्मर, वेगळी वायर, म्हणजे २५ हजारांत स्पीकरसाठी काही उरणारच नाही. आणि जास्त वॅटचं कौतुक कशाला? ५० वॅटचे १०० वॅट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल, आवाज काही दुप्पट होत नाही. हे मलाही पुस्तकातून माहीत होतं. पण मान्य केलं नाही. चिडले, वहीतलं पान फाडलं आणि मीटिंगमधून उठून आले.

खरं सांगायचं तर भांडण डब्याचं नव्हतंच. सेकंड इयरला आम्ही दोघींनी प्रदर्शनासाठी एक छोटा अँप्लिफायर बनवला होता. तो सारखा घों घों करायचा. शेवटी ग्राउंडच्या सगळ्या वायरी एकाच बिंदूला आणून जोडल्या आणि तो गप्प झाला. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी विचारलं, ही ग्राउंडची कल्पना कोणाची? आम्ही दोघी एकदमच म्हणालो, माझी. तेव्हापासून एका खोलीत राहून आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

पुढच्या मीटिंगमध्ये तिला गप्प करायला काहीतरी मुद्दा मिळेल म्हणून मी लायब्ररीत जाऊन रिसिव्हर आणि अँप्लिफायरचा इतिहास वाचायला घेतला. म्हटलं, आधी कोण आलं ते तरी बघू. आणि दोन्हीकडे एकच नाव सापडलं. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. (चंद्रावर गेलेला तो वेगळा!) माझा मुद्दा राहिला बाजूला, मी त्या माणसातच अडकले. म्हणून हा लेख. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत होते, आई शाळेत शिकवायची. लहानपणी त्याला एक आजार झाला, ज्यात हातपाय आणि चेहऱ्याचे स्नायू आपोआप हलतात. आजार गेला, पण खांद्याला आणि मानेला झटका यायची सवय जन्मभर राहिली. दोन वर्षं शाळा बंद. मुलगा एकलकोंडा झाला. १९०२ मध्ये कुटुंब हडसन नदीच्या काठी यॉंकर्स गावात राहायला गेलं. तिथल्या घराच्या माळ्यावरची खोली म्हणजे त्याचं सगळं जग. वडिलांनी शोधांच्या गोष्टींचं एक पुस्तक आणून दिलं होतं. त्यात मार्कोनीबद्दल वाचून पोराने ठरवून टाकलं की आपण शोधच लावायचे.

माळ्यावर तारा, कॉइल, बॅटऱ्या यांचा ढीग जमला. अँटेना उंच हवा म्हणून त्याने अंगणात जवळजवळ १२५ फुटी खांब एकट्याने उभा केला. दोराच्या पाळण्यात बसून तो स्वतःला वर खेचायचा. उंचीची भीती त्याला कधी वाटलीच नाही. उलट उंचावर गेलं की तो खूश असायचा.

१९०९ मध्ये त्याने कोलंबिया विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. म्हणजे आपल्यासारखाच! फक्त तो हॉस्टेलवर नव्हता, यॉंकर्सहून लाल मोटरसायकलवर ये-जा करायचा. प्राध्यापकांना तो फारसा आवडत नसे, कारण पुस्तकात लिहिलंय एवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं नाही. मायकल प्युपिन या नामवंत प्राध्यापकांनी मात्र त्याच्यातलं पाणी ओळखलं होतं.

त्या काळी रेडिओची अडचण काय होती ते आधी सांगते. दुरून येणारा सिग्नल इतका क्षीण असायचा की हेडफोन कानाला घट्ट दाबून श्वास रोखून ऐकावं लागे. आवाज मोठा करणारं खात्रीचं साधनच नव्हतं. ली डी फॉरेस्ट नावाच्या संशोधकाने १९०६ मध्ये तीन इलेक्ट्रोडची काचेची नळी बनवली होती. तिचं नाव ऑडिऑन. आपण जिला ट्रायोड म्हणून शिकतो तीच. पण ती आतून नेमकी चालते कशी, हे खुद्द डी फॉरेस्टलाही नीट उमगलं नव्हतं.

आर्मस्ट्राँग ते शोधून काढायच्या मागे लागला. नळीची मापं घेतली, करंट-व्होल्टेजचे आलेख काढले. आपण जर्नलमध्ये गेल्या वर्षीचं बघून उतरवतो तेच रीडिंग, फक्त त्याने ते खरोखर घेतलं! त्याच्या लक्षात आलं की नळीच्या आउटपुटमधला थोडा सिग्नल परत इनपुटला, योग्य फेजमध्ये दिला, तर तो पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा आत जातो, पुन्हा मोठा होतो. म्हणजे पॉझिटिव्ह फीडबॅक. गॅदरिंगमध्ये माइक स्पीकरसमोर नेला की जी कर्कश शिटी वाजते ना, तेच तत्त्व. पण शिटी वाजायच्या जेमतेम अलीकडे थांबलं, तर तीच नळी सिग्नल कितीतरी पटींनी वाढवते. आणि मर्यादा ओलांडली तर ती स्वतःच लहरी निर्माण करते, म्हणजे ट्रान्समीटर होते.

सप्टेंबर १९१२ मध्ये हे सर्किट चाललं. आर्मस्ट्राँग तेव्हा एकवीस वर्षांचा. दूरदूरची स्टेशनं, जी आजवर कुजबुजत होती, ती मोठ्याने बोलू लागली. रात्री झोपलेल्या बहिणीला त्याने आनंदाने ओरडत उठवलं. मला इथे वाचताना गंमत वाटली ती अशी, की त्या एका नळीत रिसिव्हर पण होता आणि अँप्लिफायर पण. आमच्या कमिटीचा प्रश्न १९१२ मध्येच निकालात निघाला होता म्हणायचं.

पेटंटला पैसे लागतात. वडील म्हणाले, आधी डिग्री घे, मग बघू. (सगळ्या वडिलांचं एकच!) मग त्याने सर्किटची आकृती काढली आणि ३१ जानेवारी १९१३ या दिवशी नोटरीकडून तिच्यावर शिक्का मारून घेतला. खर्च पाव डॉलर. ही तारीख लक्षात ठेवा. त्याच वर्षी तो पास झाला आणि ऑक्टोबरमध्ये पेटंटचा अर्ज केला. ऑक्टोबर १९१४ मध्ये पेटंट मिळालं.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये तो पॅरिसला गेला. तिथे १९१८ मध्ये त्याने दुसरा मोठा शोध लावला, सुपरहेटरोडाइन रिसिव्हर. हा थर्ड इयरला ओरल्समध्ये हमखास विचारतात, म्हणून सोपं करून सांगते. त्या काळच्या नळ्यांना फार उंच फ्रिक्वेन्सी नीट वाढवता येत नव्हती. त्याने युक्ती केली. येणाऱ्या सिग्नलमध्ये रिसिव्हरमध्येच तयार केलेली दुसरी फ्रिक्वेन्सी मिसळायची. दोघींच्या वजाबाकीतून एक ठरावीक, खालची फ्रिक्वेन्सी मिळते. स्टेशन कुठलंही लावा, वजाबाकी तीच राहील अशी सोय करायची. मग अँप्लिफायर आणि फिल्टर फक्त त्या एका फ्रिक्वेन्सीसाठी उत्तम बनवले की झालं. बारावी कुठल्याही बोर्डाची असो, इंजिनिअरिंगला यायचं तर बहुतेकांना एकाच सी.ई.टी.च्या दारातून यावं लागतं, तसंच हे. आपल्या लॅबमधल्या ए.एम. किटवर ४५५ किलोहर्ट्‌झ आणि एफ.एम. किटवर १०.७ मेगाहर्ट्‌झ लिहिलेलं असतं, ती हीच ठरावीक फ्रिक्वेन्सी. पुढची कित्येक दशकं घराघरांतला जवळजवळ प्रत्येक रेडिओ, आणि नंतर टी.व्ही.सुद्धा, याच पद्धतीने चालला. याच कल्पनेच्या आसपास युरोपात आणखी काहीजण पोचले होते, हेही सांगायला हवं.

युद्धावरून तो मेजर होऊन आला. फ्रान्सने त्याला मानाचा किताब दिला. १९२० मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने त्याची पेटंटं ३ लाख ३५ हजार डॉलरना घेतली. १९२२ मध्ये आणखी एका सर्किटसाठी आर.सी.ए. या रेडिओ कंपनीने रोख २ लाख डॉलर आणि ६० हजार शेअर्स दिले. बत्तिशीच्या आत माणूस लखपती झाला. आर.सी.ए.चा वरिष्ठ अधिकारी डेव्हिड सार्नॉफ त्याचा मित्र. सार्नॉफची सेक्रेटरी मॅरियन मॅकिनिस त्याला आवडली. तिच्यावर छाप पाडायला हा गडी १९२३ मध्ये आर.सी.ए.च्या इमारतीवरच्या अँटेनाच्या टॉवरवर चढला आणि टोकाच्या गोळ्यावर जाऊन बसला. फोटोही काढून घेतले. सार्नॉफ संतापला. मॅरियन मात्र त्याच वर्षी १ डिसेंबरला त्याची बायको झाली. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला स्वतः बनवलेला, हातात धरून नेता येणारा सुपरहेटरोडाइन रेडिओ दिला.

इथपर्यंत गोष्ट सिनेमासारखी आहे. मीही इथपर्यंत रूमवर बसून मजेत वाचत होते. पुढे मात्र वाचताना अस्वस्थ व्हायला लागलं.

डी फॉरेस्टने दावा लावला होता की फीडबॅकची कल्पना मुळात त्याची. त्याच्या प्रयोगशाळेच्या वहीत ऑगस्ट १९१२ ची एक नोंद होती, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या आधीची. वर्षानुवर्षं कोर्टात केस चालली. १९२२ पर्यंत आर्मस्ट्राँग वरच्या कोर्टातही जिंकला होता. डी फॉरेस्टकडे पैसा नव्हता. आर्मस्ट्राँगने खर्चाची वसुली सोडून दिली असती तर केस तिथेच मिटली असती. पण त्याने सोडली नाही. समोरच्याला पुरतं नमवायचंच होतं. यॉंकर्सच्या आपल्या खांबावर त्याने पेटंटचा नंबर लिहिलेला झेंडा फडकवला होता, डी फॉरेस्टला त्याच्या घरातून दिसावा म्हणून, असं सांगतात!

अंतिम निकालाची नोंद राहून गेली आणि तेवढ्या फटीतून केस पुन्हा आत आली. १९२४ मध्ये दुसऱ्या एका कोर्टाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. १९२८ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही आर्मस्ट्राँग हरला. न्यायाधीशांनी तारखा पाहिल्या. इंजिनिअर लोकांचं मत मात्र ठाम होतं की नळीला खऱ्या अर्थाने समजून घेतलं ते आर्मस्ट्राँगने. रेडिओ इंजिनिअर्सच्या संस्थेने आपलं पहिलं मानपदक त्यालाच दिलं होतं. १९३४ च्या निकालानंतर तो ते परत करायला संस्थेच्या अधिवेशनात गेला. संस्थेने ते परत घेतलं नाही. सभागृहाने उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

नळी बनवणारा मोठा की ती समजणारा मोठा? मी पुस्तक मिटलं. पलीकडच्या कॉटवर रूममेट असाइनमेंट लिहीत बसली होती. आमच्या अँप्लिफायरचा पी.सी.बी. तिने काढला होता. घों घों कशामुळे होतंय ते मी शोधलं होतं. की आम्ही दोघींनी मिळून शोधलं होतं? मला खरंच आठवेना.

केस चालू असतानाच आर्मस्ट्राँग तिसऱ्या आणि सगळ्यात मोठ्या कामाला भिडला होता. स्टॅटिक, म्हणजे रेडिओतली खरखर घालवायची. ए.एम. मध्ये आवाजाची माहिती लहरीच्या उंचीत, म्हणजे अँप्लिट्यूडमध्ये असते. वीज चमकली, मिक्सर सुरू झाला, ट्यूबलाइट फडफडली की त्याचाही परिणाम उंचीवरच होतो. मग अँप्लिफायर बिचारा काय करणार? तो गाणंही मोठं करतो आणि खरखरही. कितीही भारी अँप्लिफायर लावा, आत आलेला कचरा मोठा होऊनच बाहेर येणार. माझ्या वेगळ्या अँप्लिफायरच्या हट्टावर याहून चांगलं उत्तर नव्हतं!

मग माहिती उंचीत न ठेवता फ्रिक्वेन्सीच्या बदलात ठेवली तर? ही कल्पना नवीन नव्हती. पण १९२२ मध्ये जॉन कार्सन या गणितज्ञ इंजिनिअरने दाखवून दिलं होतं की याने काही फायदा होत नाही. सगळ्यांनी विषय सोडला. कार्सनचं गणित बरोबर होतं, पण ते अरुंद पट्ट्यापुरतं. आर्मस्ट्राँगने उलट केलं. फ्रिक्वेन्सी भरपूर रुंद पट्ट्यात हलू द्यायची आणि रिसिव्हरमध्ये लिमिटर लावून उंचीतले चढउतार छाटूनच टाकायचे. खरखर गेली. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला एफ.एम.ची पेटंटं मिळाली.

सार्नॉफ तोपर्यंत आर.सी.ए.चा अध्यक्ष झाला होता. त्याला स्टॅटिक घालवणारी एखादी छोटीशी पेटी हवी होती. मित्राने आणली ती एक आख्खी नवीन पद्धत, जिच्यासाठी सगळे ट्रान्समीटर आणि सगळे रेडिओ बदलावे लागणार होते. १९३४ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्या झाल्या. सुमारे ७० मैलांवर आवाज स्वच्छ ऐकू आला. तरी १९३५ मध्ये आर.सी.ए.ने त्याला सामान हलवायला सांगितलं, त्यांना ती जागा टी.व्ही.च्या प्रयोगांसाठी हवी होती.

५ नोव्हेंबर १९३५. न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअर्सची सभा. आर्मस्ट्राँगने आधी पेपर वाचला आणि मग यॉंकर्समधल्या एका मित्राच्या हौशी रेडिओ स्टेशनवरून प्रसारण ऐकवलं. ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज. कागद चुरगाळल्याचा आवाज. घंटेचा टोला. रेडिओवर आजवर असलं काही कोणी ऐकलंच नव्हतं. मागे खरखर नाही, पूर्ण शांतता. हाय-फाय ऑडिओ हा शब्द आपण वापरतो, पण घरातल्या डब्यातून कागदाचा आवाज कागदासारखा येणं म्हणजे काय, ते त्या सभागृहाने त्या रात्री ऐकलं.

मग त्याने स्वतःचे तीन लाखांहून जास्त डॉलर घालून न्यू जर्सीत अल्पाइन इथे चारशे फुटांहून उंच टॉवर उभारला आणि १९३९ मध्ये स्वतःचं एफ.एम. स्टेशन पूर्ण क्षमतेने सुरू केलं. बऱ्याच कंपन्यांनी रॉयल्टी देऊन परवाने घेतले. आर.सी.ए.ने १९४० मध्ये एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले, रॉयल्टी मात्र नाही. आर्मस्ट्राँगने नाही म्हटलं. बाकीचे देतात तर तुम्हीही द्या. मुद्दा पैशाचा नव्हता, तत्त्वाचा होता. दुसऱ्या महायुद्धात याच माणसाने सैन्याला आपली पेटंटं फुकट वापरू दिली.

जून १९४५ मध्ये अमेरिकन सरकारच्या एफ.सी.सी.ने एफ.एम.चा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्‌झवरून उचलून ८८-१०८ वर नेला. लोकांच्या घरातले लाखो एफ.एम. सेट एका फटक्यात निकामी झाले. आपल्या इथला एफ.एम.चा पट्टाही तोच, ८८ ते १०८. १९७७ मध्ये मद्रासला भारतातलं एफ.एम. सुरू झालं. रात्री बारा वाजता आपण लाइट बंद करून गाणी ऐकतो, त्या आकड्यांमागे कोणाचं किती नुकसान झालं होतं हे मला तरी माहीत नव्हतं.

१९४८ मध्ये त्याने आर.सी.ए.वर दावा लावला. समोर मोठी कंपनी, वकिलांची फौज. एकट्या आर्मस्ट्राँगची जबानी वर्षभर चालली. पेटंटची मुदत संपत आली, रॉयल्टी आटली, पैसा संपत चालला. त्याच्या डोक्यात केसशिवाय दुसरं काही उरलं नाही. मॅरियनने विनवलं की तडजोड कर, उरलेल्या पैशात आपण सुखाने राहू. नोव्हेंबर १९५३ मध्ये यावरूनच भांडण झालं आणि त्याने तिच्यावर शेकोटीची सळई उगारली, तिच्या हाताला मार लागला. ती घर सोडून बहिणीकडे गेली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. शोध कितीही मोठा असो, याला माफी नाही. आणि तो स्वतःही स्वतःला माफ करू शकला नसावा.

दोन महिने तो त्या मोठ्या फ्लॅटमध्ये एकटा होता. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने बायकोला पत्र लिहून तिची क्षमा मागितली आणि आपलं आयुष्य संपवलं. वय ६३. नोटरीचा शिक्का घेतला त्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षं झाली होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आर.सी.ए.ने मॅरियनला दहा लाखांहून थोडी जास्त रक्कम देऊन केस मिटवली. म्हणजे १९४० मध्ये देऊ केली होती साधारण तेवढीच! त्याच १९५४ साली हार्मन कार्डन कंपनीने फेस्टिव्हल डी १००० नावाचा सेट बाजारात आणला. ट्यूनर आणि अँप्लिफायर एकाच डब्यात असलेल्या पहिल्या काही हाय-फाय रिसिव्हरपैकी तो एक मानतात. आम्ही ज्यावर भांडत होतो ती वस्तू आली, आणि ती ज्याच्यामुळे शक्य झाली तो माणूस गेला, एकाच वर्षी.

मॅरियन मात्र थांबली नाही. जी तडजोड कर म्हणून नवऱ्याला सांगत होती, तीच बाकीच्या कंपन्यांशी एकेक करून लढली. शेवटची केस मोटोरोलाशी होती, ती १९६७ मध्ये जिंकली. तेरा वर्षं! फीडबॅकची केस सोडली तर एफ.एम.च्या बाबतीत आर्मस्ट्राँग सगळीकडे बरोबर ठरला. पण ते ऐकायला तो नव्हता. अल्पाइनचा टॉवर अजून आहे. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटर पडल्यावर तिथले अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टी.व्ही. स्टेशनांनी याच टॉवरचा आधार घेतला.

मला कोणी विचारेल की यातून काय घ्यायचं? हक्क सोडायचा का? नाही. मॅरियनने सोडला नाहीच. पण १९२२ मध्ये जिंकलेला असताना हात आखडता न घेता समोरच्याला उठवलं असतं तर पुढची बारा वर्षं वाचली असती, असं मला राहून राहून वाटतं. बरोबर असणं आणि ते पटवत बसण्यात आपलं माणूस गमावणं, यातला फरक त्याच्या वेळेवर लक्षात आला नाही. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक मर्यादेपर्यंत दिला तर आवाज वाढतो, त्याच्या पुढे गेला की नुसती शिटी. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

त्या रात्री पुस्तक मिटवून मी रूममेटच्या कॉटवर जाऊन बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून चहा घेणार का एवढंच विचारलं. मेस बंद झाली होती, मग गेटजवळच्या टपरीवर गेलो. ग्राउंडची कल्पना कोणाची हा विषय तिनेच काढला. म्हणाली, तिलाही नीट आठवत नाही, लॅबमधल्या काकांनी काहीतरी सुचवलं होतं बहुतेक. आम्ही दोघी इतक्या हसलो की टपरीवाले बघायला लागले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन काकांना पेढे दिले. त्यांना कशाचे ते कळलं नाही.

सिस्टिमचं म्हणाल तर आम्ही रिसिव्हरच घेतला. तिचा हिशोब बरोबर होता. पण मागे प्रीआउट असलेला घेतला, म्हणजे पुढेमागे पैसे जमले की वेगळा पॉवर अँप्लिफायर जोडता येईल. हा माझा मुद्दा! आणि वाचलेल्या पैशात चांगले स्पीकर आले.

एक शेवटचं. हॉस्टेलवर एखादी खोली बरेच दिवस बंद दिसली, कोणी मेसला येईनासं झालं, तर दार वाजवा. भांडण झालेलं असलं तरी वाजवा. चहा घेणार का एवढं विचारलं तरी चालतं.

आणि कॉमन रूममध्ये एफ.एम. लावलंत की खरखर येतेय का ते एकदा ऐका. येत नसेल, तर क्षणभर त्या मेजर आर्मस्ट्राँगची आठवण ठेवा.